टाटा ४०७ च्या इंजिनवर बसवलेला हवेचा कॉम्प्रेसर: अख्खा गळीत हंगाम वापरून झाल्यावर

आमची टायर सर्व्हिसची गाडी आहे, टाटा ४०७, जुनं २९५६ सीसीचं ४९७ इंजिन. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कारखाने चालू झाले की रात्री-अपरात्री फोन येतात, अमुक फाट्यावर उसाची ट्रॉली बसलीय, लवकर या. आधी हौद्यात वेगळं ५ एचपीचं डिझेल इंजिन आणि त्याला बेल्टवर कॉम्प्रेसर होता, चालायचा झकास पण अर्धा हौदा त्यानंच खाल्लेला, थंडीत हँडल मारून खांदा निघायचा आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलायचं. म्हणून ह्या हंगामाआधी ते धूड उतरवलं आणि गाडीच्याच इंजिनवर कॉम्प्रेसर घेतला.

जमतं का असं खूप जण विचारतात म्हणून लिहितोय. जमतं. पण लोक चौकशी करतात कॉम्प्रेसर कुठला घेतला याची, आणि खरा खेळ सगळा ब्रॅकेटचा आहे, म्हणजे कॉम्प्रेसर इंजिनला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आधाराचा.

कॉम्प्रेसर काही खास नाही. भंगारातला, जेसीबीसारख्या मशीनच्या केबिनच्या एसीचा, ७ पिस्टनवाला, एका फेरीत १५५ सीसी. इंजिन हँड एक्सिलेटरवर मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवलं की पुलीच्या हिशोबानं हा १८०० नं फिरतो, म्हणजे कागदावर मिनिटाला २८० लिटर हवा, पण कागदावरच, कारण हे एसीच्या गॅससाठी बनवलेलं यंत्र आहे, हवेवर प्रेशर चढलं की दम कमी होतो, हातात दीडशे-एकशेसाठच्या पुढं धरू नका. ९.००-२० चं टायर पूर्ण रिकामं असेल तर १०० पीएसआयला ८-१० मिनिटं जातात. जुन्या सेटपेक्षा हळू आहे, खोटं कशाला सांगू.

आता ब्रॅकेट. पहिलं ब्रॅकेट जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये केलेलं, ६ एमएमचं अँगल, दोन बोल्ट ब्लॉकला आणि वरून एक पट्टी थेट चासीला. दिसायला भक्कम. हंगाम तापला आणि बेल्ट चुरचुर करायला लागला, ताण दिला तरी दोन दिवसांत परत तेच. बॅटरी मारून बघितलं तर वेल्डिंग जिथं संपतं तिथं केसासारखी रेष आणि बोल्टच्या वॉशरभोवती तांबूस पावडर. ही पावडर नीट ओळखून ठेवा, तो धूळ-गंज नसतो, दोन लोखंडं एकमेकांवर घासून ती पडते, म्हणजे बोल्ट टाइट दिसत असला तरी आतून हलतोय. त्या वर्कशॉपवाल्याला दाखवलं तर म्हणे रस्ते खराब आहेत तुमच्याकडचे. असतील, पण रस्त्यानं वेल्डिंग तुटत नाही ओ.

मग गाडी नेली कोल्हापूरच्या उद्यमनगरला. तिथले मिस्त्री बॉनेटखाली डोकं घालून बघत राहिले, इंजिन चालू ठेवून हातानं कॉम्प्रेसर धरला आणि म्हणाले, "मालक, इंजिन डुलतंय रबरावर आणि चासी हाय जागेवर, दोघांना एकत्र बांधलं तर कुणीतरी तुटणारच की." एवढंच कारण होतं. जे बांधायचं ते सगळं ब्लॉकलाच, चासीला काहीही नाही. त्यात कॉम्प्रेसरचं ७ किलोच्या आसपासचं वजन बोल्टच्या पुढं लोंबकळतं, बेल्ट सतत एकाच बाजूला ओढतो, आणि चार सिलेंडरचं डिझेल आयडलला सगळ्यात जास्त थरथरतं, म्हणजे गाडी उभी असतानाच ब्रॅकेटचे हाल जास्त.

त्यांनी केलेलं असं: १२ एमएम प्लेट, ब्लॉकवरच्या मोकळ्या आट्यांच्या भोकांत ४ बोल्ट, ८.८ ग्रेडचे, आट्यांत बोल्ट जाडीच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे यावर मिस्त्री अडून बसले. प्लेट आणि कॉम्प्रेसरच्या कानांच्या मधे दोन्ही बाजूंनी तिरक्या रिबा. खालचा बोल्ट बिजागरीसारखा आणि वर ताण द्यायला लांबट गाळा. गाडीवर वेल्डिंगचे फक्त टाके मारले, तेही बॅटरीची वायर काढून, नाहीतर आल्टरनेटरचे डायोड जातात. पुरं वेल्डिंग टेबलावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेल्डिंग झाल्यावर प्लेटची ब्लॉकला टेकणारी बाजू मिलिंग मशीनवर सपाट मारून घेतली, कारण वेल्डिंगच्या गरमीनं प्लेट ओढली जाते, डोळ्याला कळत नाही, पण बोल्ट आवळला की ब्रॅकेट आतल्या आत ताणात बसतं आणि पुली तिरकी होते. नंतर दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून लाइन काढली. ह्या कामाचे साडेसहा हजार झाले, भंगारातल्या कॉम्प्रेसरचे साडेतीन. नाकापेक्षा मोती जड म्हणून घरात बोलणी खाल्ली, पण तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत त्या ब्रॅकेटला पाना लावायची वेळ आली नाही, पावडर नाही, रेष नाही, बेल्ट तर तोच चालू आहे.

बेल्टचं एक सांगायचं राहिलं, ते नीट वाचा. ४०७ ला ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, व्हॅक्यूमवर आणि व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीला. कॉम्प्रेसर त्याच बेल्टवर घातला आणि उद्या तो जाम होऊन बेल्ट तुटला तर चार्जिंग गेलं ते गेलंच, वर ब्रेक दगडासारखा कडक होणार. उतारावर भरली गाडी असेल तर विचारूच नका. क्रँकच्या पुलीवर वेगळी खोबण आणि वेगळा बेल्ट, यात कंजुषी करणाऱ्याच्या गाडीत मी तरी बसणार नाही.

तेलाचा त्रास मात्र आहे. एसीच्या कॉम्प्रेसरला तेल गॅसबरोबर फिरून मिळतं, हवेवर ते परत येत नाही, म्हणून आत येणाऱ्या हवेवर तेल सोडणारा लुब्रिकेटर आणि बाहेर तेल अडवणारा सेपरेटर लावलाय. एसीचं तेल घालू नका, ते हवेतलं पाणी ओढतं, साधं कॉम्प्रेसर ऑइल चालतं. तरी सेपरेटर रोज काढून बघावा लागतो, गाडीवरच्या पोराला कंटाळा येतो आणि मग टायरमध्ये तेलाचा फवारा जातो, रबराला ते चांगलं नाही. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा हात लावू देत नाही एवढी तापते, पहिला मीटरभर तांब्याचा पाइप ठेवा, साधी रबरी नळी जळून आतून कोळसा होते आणि तो कोळसा एनआरव्हीत, म्हणजे हवा उलटी येऊ न देणाऱ्या वाल्वमध्ये, अडकतो.

प्रेशर स्विच १२० पीएसआयला कॉम्प्रेसरचा क्लच सोडतो, ९० ला परत धरतो, टाकीवर १५० चा सेफ्टी वाल्व. टाकी जुन्या ट्रकच्या ब्रेकची, दोन जोडल्यात. हवेवरच्या गनवर एका चाकाचे नट फटाफट निघतात, दुसऱ्या चाकाला गन लडखडते आणि टाकी भरायची वाट बघत बसायचं. दिवसभर गन चालवायची असेल तर हे तुमच्यासाठी नाही, जुना डिझेल सेटच बरा. आमचं काम पंक्चर आणि हवा, त्यामुळं भागतं, आणि मोकळ्या झालेल्या हौद्यात आता चार जुनी टायर, जॅक, ट्यूबचं पोतं सगळं मावतं. डिझेल किती वाचलं याचा हिशोब ठेवला नाही, गाडीचंच इंजिन चालू ठेवावं लागतं म्हटल्यावर फार वाचलं असेल असं वाटत नाही.

पावसाळ्याआधी तिसरी टाकी चासीच्या डाव्या बाजूला टाकायचा विचार आहे. ४०७ वर कुणी एवढ्या टाक्या घातल्या असतील तर टाकीतलं पाणी सोडायचा ड्रेन कॉक कुठं काढला ते सांगा, आमचा सध्या चिखलातच बुडतोय.