जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन एसएसडी बसवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

संगीताच्या कामासाठी मी वापरते तो डेस्कटॉप २०१२ च्या पिढीतला आहे. आय५-३५७० प्रोसेसर, बी७५ चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर३ रॅम. आणि आठ महिन्यांपूर्वीपर्यंत त्यात एकच डिस्क होती, १ टीबीची, ७२०० आरपीएमची. विंडोज, रीपर (संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर), सॅम्पल लायब्ऱ्या (खऱ्या वाद्यांच्या एकेका सुराच्या रेकॉर्डिंगचे संच), चालू प्रोजेक्ट, जुने प्रोजेक्ट, सगळा संसार त्या एकाच डिस्कवर दोन पार्टिशनमध्ये मांडलेला. डिस्क ९४ टक्के भरली तेव्हा जागा वाढवणं भाग पडलं. नवा पीसी घ्यावा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी तो मानला नाही, आणि आज त्याचं समाधान वाटतं.

आता मशीनला तीन डिस्क आहेत. ५०० जीबीच्या साटा एसएसडीवर (चिपवर डेटा ठेवणारी, साटा या नेहमीच्या केबलने जोडायची डिस्क) विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्ट. २ टीबीच्या साटा एसएसडीवर फक्त सॅम्पल लायब्ऱ्या. आणि ४ टीबीची साधी हार्ड डिस्क, जी बॅकअपच्या वेळीच चालू होते.

सगळ्यात मोठा फरक कुठे पडला ते आधी सांगते. माझं रोजचं टेम्प्लेट (नवं काम सुरू करायचा तयार साचा) म्हणजे एक पियानो, स्ट्रिंग्जचे पाच विभाग, थोडी वुडविंड्स, पर्कशन आणि दोन-तीन सिंथ. हे उघडायला हार्ड डिस्कवर साडेसहा मिनिटं लागायची. आता चाळीस सेकंद लागतात. साडेसहा मिनिटांत माणूस उठतो, दुसऱ्या कामाला लागतो, आणि डोक्यात गुणगुणत असलेली चाल परत येईपर्यंत अर्धी विरलेली असते. ज्यांच्याबाबतीत हे घडलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आता सुचलं की बसते, आणि चाल ताजी असतानाच वाजवून ठेवते.

दुसरं म्हणजे वाजवताना आवाज तुटणं बंद झालं. पेडल दाबून धरलं, डाव्या हाताने रुंद कॉर्ड घेतला आणि उजवा हात वर पळू लागला की आधी हमखास मधले सूर गळायचे. कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला डिस्कचा मीटर लाल व्हायचा, प्रोसेसरचा मीटर मात्र निवांत. मला बरेच दिवस वाटत होतं की प्रोसेसरच म्हातारा झालाय.

हे का होतं ते समजून घेतलं तर खरेदी करताना चुका कमी होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट वाचतो. असे साठ ट्रॅक एकदम चालवले तरी सेकंदाला ९ एमबीसुद्धा होत नाहीत. साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी सहज देते, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकसाठी ती पुरून उरते. सॅम्पलचं गणित वेगळं आहे. पियानोच्या आठ सुरांचा कॉर्ड, प्रत्येक सुराला तीन माइक, म्हणजे डिस्कवरच्या चोवीस वेगवेगळ्या जागांवरून एकाच वेळी वाचायचं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला दर वेळी हेड हलवायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात, आणि हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी ४ मिलिसेकंद जातात. सेकंदाला जेमतेम ऐंशी उड्या. त्यात पेडलमुळे आधीचे सूरही चालूच असतात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हीच उडी मिलिसेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात होते. सूर गळत होते ते या उड्यांमुळे. डिस्कच्या खोक्यावर छापलेल्या ‘एमबी प्रति सेकंद’शी त्याचा फार संबंध नव्हता.

हे कळल्यामुळे माझी एक मोठी काळजी मिटली. बी७५ चिपसेटला साटाचे सहा पोर्ट असतात, पण ६ गिगाबिटचा एकच, बाकीचे पाच ३ गिगाबिटचे. तो एकुलता वेगवान पोर्ट विंडोजला द्यावा की सॅम्पलना, यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी दोन्ही करून मोजलं. सॅम्पलची एसएसडी वेगवान पोर्टवर असताना टेम्प्लेट १ मिनिट १० सेकंदांत उघडलं, हळू पोर्टवर १ मिनिट २५ सेकंदांत. वाजवताना काहीच फरक नाही. म्हणजे ३ गिगाबिटचा पोर्ट आहे म्हणून कोणी जुना बोर्ड टाकून देत असेल तर कृपया देऊ नका. वेगवान पोर्ट सॅम्पलना दिला आहे, विंडोज हळू पोर्टवर मजेत चालतंय.

मग १ मिनिट १० सेकंदांचे चाळीस सेकंद कसे झाले? इथेच मला या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ मिळालं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. कॉन्टॅक्ट प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये भरून ठेवतो आणि पुढचा भाग वाजवताना डिस्कवरून ओढतो. या तुकड्याचा ठरलेला आकार ६० किलोबाइट असतो. डिस्क हळू असेल तर मोठा तुकडा लागतो, कारण तो वाजेपर्यंत हेडला पुढचा भाग शोधायचा असतो. एसएसडीला तेवढी उसंत लागतच नाही. ऑप्शन्समधल्या मेमरीच्या पानावर जाऊन मी हा आकार १८ किलोबाइटवर आणला. टेम्प्लेटमधल्या सॅम्पलनी व्यापलेली रॅम ९ जीबीवरून साडेतीन जीबीच्या आत आली. १६ जीबीच्या मशीनवर साडेपाच जीबी मोकळी होणं म्हणजे जवळजवळ रॅमची नवी पट्टी टाकल्यासारखं आहे. पूर्वी ट्रॅक फ्रीझ करत करत (म्हणजे तयार ऑडिओत बदलून गोठवत) पुढे जायचे. आता स्ट्रिंग्ज शेवटपर्यंत उघड्या राहतात, आणि मिक्सच्या दिवशीसुद्धा एखादा सूर बदलता येतो. १२ किलोबाइटपर्यंतही जाऊन पाहिलं. तिथे दाट जागी एक-दोनदा आवाज तुटल्यासारखा ऐकू आला, म्हणून १८ वर परतले. तुमच्या लायब्रऱ्यांवर हा आकडा वेगळा येईल, कानाने ठरवा.

एक अपेक्षा मात्र आधीच काढून टाका. की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर एसएसडीने कमी होत नाही. तो ऑडिओ इंटरफेसच्या बफरवर आणि प्रोसेसरवर अवलंबून असतो. मी पूर्वीही १२८ सॅम्पलच्या बफरवर (इथे सॅम्पल म्हणजे डिजिटल आवाजाचा एकेक ठिपका) काम करत होते, आजही तेवढ्यावरच करते.

बसवण्याच्या कामात तीन ठिकाणी अडले. पहिलं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये. माझा बोर्ड इतकी वर्षं डिस्कशी बोलायच्या आयडीई या जुन्या मोडवर चालत होता, मला पत्ताही नव्हता. या मोडमध्ये डिस्कला एकावेळी आलेल्या अनेक मागण्या स्वतः क्रमवारीने हाताळता येत नाहीत, आणि सॅम्पल वाचताना नेमकी तीच गोष्ट हवी असते. सरळ एएचसीआय हा नवा मोड निवडला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकलं. परत आयडीईवर येऊन, पुढच्या वेळी सेफ मोडमध्येच सुरू व्हायला विंडोजला सांगून, मग बायोसमध्ये एएचसीआय केलं. सेफ मोडमध्ये एकदा नीट चालू झालं की योग्य ड्रायव्हर लागतो, आणि नंतर नेहमीसारखं सुरू करता येतं. हे सगळं जुन्या डिस्कवर असतानाच उरकलं आणि मगच डिस्कची प्रत काढणाऱ्या क्लोनझिलाने विंडोजचं पार्टिशन नव्या एसएसडीवर नेलं. क्रम हाच ठेवा.

दुसरी अडचण ४ टीबीच्या डिस्कची. ती निम्मीच दिसत होती. एमबीआर या डिस्कची जागा विभागायच्या जुन्या पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. डिस्क रिकामी असतानाच ती जीपीटी या नव्या पद्धतीची केली आणि पूर्ण जागा दिसू लागली. बोर्ड जुना असला तरी फक्त डेटासाठीच्या डिस्कला यात अडचण येत नाही.

तिसरी अडचण जास्त छळणारी होती. तिसऱ्या आठवड्यात अचानक वाजवताना सगळं अर्धा सेकंद थिजायचं, मग पुन्हा सुरळीत. दिवसातून तीन-चार वेळा. एसएसडी सदोष निघाली असं वाटून मी ती बदलून घ्यायच्या तयारीत होते. डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पाहिलं तर डिस्कची तब्येत उत्तम, पण सी७ या ओळीतला आकडा रोज वाढत होता. ही ओळ केबलवरून येताना बिघडलेल्या डेटाची मोजणी असते. कॅबिनेट उघडलं. मी जुन्या हार्ड डिस्कचीच केबल वापरली होती, टोकाला क्लिप नसलेली. हाताने जरा हलवली तर कनेक्टर डुगडुगत होता. क्लिपची नवी केबल लावली, आकडा २१७ वर थांबला. तो मागे येत नाही, शून्य होत नाही, पण आज आठव्या महिन्यातही २१७ च आहे. डिस्कवर शंका घेण्याआधी हा आकडा बघा.

स्क्रूबद्दलही सांगते, कारण कोणी सांगत नाही. अडीच इंची डिस्कला एम३ स्क्रू लागतात, साडेतीन इंचीला त्याहून जाड आट्यांचे. दिसायला जवळजवळ सारखेच. जोर लावून जाड स्क्रू बसवला तर एसएसडीचे आटे कायमचे जातात. आणि वीज जोडायला एसएमपीएसची (पीसीच्या वीजपुरवठ्याची) साटा पिन कमी पडली तर मोलेक्स या जुन्या वीजजोडणीवरून साटा करणारे ते एकसंध ओतीव प्लास्टिकचे कनेक्टर टाळा. आत तारा एकमेकींना लागून ते जळल्याची उदाहरणं आहेत.

लायब्रऱ्या हलवताना एक गोष्ट फार कामी आली. प्रोजेक्टमध्ये सॅम्पलचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. माझं सॅम्पलचं पार्टिशन ‘डी’ होतं. सगळं नव्या एसएसडीवर जसंच्या तसं कॉपी केलं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या पार्टिशनला दुसरं अक्षर दिलं आणि नव्याला ‘डी’. पाच वर्षांपूर्वीचे प्रोजेक्टसुद्धा काही न विचारता उघडले. जे सॉफ्टवेअर आपला मजकूर ‘सी’ मध्येच ठेवायचा हट्ट धरतं, त्याचं फोल्डर ‘डी’ वर नेऊन मूळ जागी विंडोजच्या एमकेलिंक या कमांडने जंक्शन (नव्या जागेकडे नेणारा दुवा) केलं.

एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी, घ्यावी का, हा प्रश्न मलाही पडला होता. या पिढीचे बायोस साधारणपणे एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करू शकत नाहीत, पण मदरबोर्डच्या पीसीआयई स्लॉटमधल्या कार्डावर लावून विंडोज १० मध्ये डेटासाठी ती छान चालते. ग्राफिक्स कार्ड नसल्याने माझा लांब स्लॉट मोकळाच होता. एका मित्राची दोन दिवस लावून पाहिली. चाळीस सेकंदांचे तेहतीस झाले. कागदावर वेग सहापट, हातात सात सेकंद. कारण सॅम्पल बहुतेक दाबलेल्या स्वरूपात असतात, ते उलगडायचं काम प्रोसेसर करतो, आणि तो तोच जुना आहे. तेवढ्याच पैशांत साटामध्ये जास्त जागा मिळत असेल तर माझ्या मते जागा घ्यावी. क्यूएलसी प्रकारच्या (एकेका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) स्वस्त एसएसडी मोठी कॉपी करताना मध्येच रांगू लागतात. लायब्ररी एकदाच लिहायची आणि हजारदा वाचायची असल्याने सॅम्पलसाठी त्या चालतील. विंडोजसाठी मात्र टीएलसीच (पेशीत तीन बिटवाली) घ्या.

आणि एक फायदा, जो मी मागितलाही नव्हता. माइक आणि पीसी एकाच खोलीत. हळू आवाजात गायलेल्या ट्रॅकखाली मला नेहमी एक बारीक घुमणं ऐकू यायचं. स्पेक्ट्रममध्ये पाहिलं की १२० हर्ट्झवर एक सरळ रेघ. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला बरोबर १२० फेरे. तो सूर ए शार्प आणि बी यांच्या अगदी मधोमध पडतो, त्यामुळे कुठल्याच पट्टीत मिसळत नाही. मी तो प्रत्येक गाण्यात इक्यूने कापत होते, आणि त्याबरोबर गळ्याची थोडी ऊबही कापली जात होती. जुनी डिस्क काढून त्याच जागी, त्याच माइकवर, काहीही न गाता एक मिनिट रेकॉर्ड केलं. रेघ नव्हती. नवी ४ टीबीची डिस्क म्हणूनच कॅबिनेटच्या आत कायम जोडलेली ठेवली नाही. ती बाहेरच्या खोक्यात आहे, स्वतःच्या स्विचवर. रेकॉर्डिंग संपलं, माइक बंद केला की मी ती चालू करते, दिवसभराचे प्रोजेक्ट तिच्यावर जातात, आणि झोपायच्या आधी स्विच बंद.