तारीख फोनमध्ये, मुदत रजिस्टरमध्ये: आठ महिने वापरल्यानंतर

वकिलीत कोर्टाच्या तारखा आणि कागद दाखल करायच्या मुदती सांभाळायला काय वापरते ते आधी सांगते. फोनवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे कोर्टातल्या केसेसची माहिती देणारं मोफत अ‍ॅप, गूगल कॅलेंडर आणि फोर्टमधल्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं २०० पानी, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. पैसे मोजले ते फक्त रजिस्टरचे. ऑफिस म्हणजे मी, एक जुनियर आणि आमचे क्लार्क काका. चालू मॅटर, म्हणजे केसेस, दीडशेच्या आसपास. मोठ्या फर्ममध्ये बसणाऱ्यांना यातलं बरंचसं पोरकट वाटेल.

गेल्या वर्षी एका कमर्शिअल दाव्यात आम्ही प्रतिवादीकडून होतो. समन्स बजावलं गेलं ४ जानेवारीला. वकालतनामा दिला, कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) वेळ मागितला आणि दोन तारखांनंतर पुढची तारीख पडली ती थेट जूनची. डायरीत जून लिहिला आणि मी निवांत झाले. कमर्शिअल दाव्यात कैफियतीला ३० दिवस असतात. कोर्टाने कारणं नोंदवून वाढवून दिले तरी समन्स बजावल्यापासून जास्तीत जास्त १२०. त्यानंतर ती दाखल करून घ्यायची कोर्टाच्याही हातात राहत नाही. हे मला पाठ आहे, जुनियरला मीच शिकवलंय. १२० वा दिवस होता ४ मे, रविवार. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुसराच कागद शोधताना ती फाइल हाती लागली म्हणून वाचले. ११६ व्या दिवशी, ३० एप्रिलला कैफियत गेली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी. त्या रात्री डोंबिवली लोकलमध्ये बसायला जागा मिळाली होती, तरी मी ठाण्यापर्यंत उभीच होते.

गंमत म्हणजे डायरी चुकली नव्हती. जूनची तारीख अगदी बरोबर लिहिलेली होती. पण आपल्या सगळ्या डायऱ्या तारखेच्या असतात. तारखेला निदान पुकारा होतो. आपण नसलो तर कुणी ओळखीचा वकील उभा राहून वेळ मागतो, अर्ज करून सावरता येतं. मुदतीचा पुकारा होत नाही. म्हणून जूनमध्ये कोर्टं उघडल्यावर दोन्हींची घरं वेगळी केली.

तारखांसाठी फोन उत्तम. ई-कोर्ट्सवर प्रत्येक मॅटरचा १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, एकदा टाकला (शेवटचे चार आकडे वर्षाचे) की मॅटर ‘माय केसेस’मध्ये जाऊन बसतं. पुढची तारीख, टप्पा, झालेले आदेश तिथेच दिसतात. दीडशे नंबर भरायला जुनियरला दोन शनिवार लागले. ही यादी फोनमध्येच साठते, त्यामुळे फोन बदलण्याआधी बॅकअप काढून ठेवा. हायकोर्टाचं बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) मी अजूनही त्यांच्या वेबसाइटवरच बघते. तारखा तिथून कॅलेंडरवर चढवते आणि नोंदीत कोर्टाचं नाव आधी लिहिते, कारण धोबीतलावला स्मॉल कॉजेस कोर्ट आणि तिथून लांब दिंडोशीला सिटी सिव्हिल कोर्ट एकाच सकाळी असलं तर कॅलेंडरला त्यात काहीच वावगं दिसत नाही.

रिमाइंडरच्या वेळेवर महिनाभर फुकट गेला. सुरुवातीला सकाळी ११ च्या सूचना लावल्या होत्या. ११ वाजता फोन गप्प करून पर्समध्ये असतो, संध्याकाळी उघडावं तर साठलेल्या २० सूचना. आता सकाळी ८.१० ला, गाडीत असताना, आणि रात्री ९ ला, एवढंच. रंगांची भानगडही पंधरा दिवसांत सोडली. आठ रंग कुणाच्या लक्षात राहतात?

आता रजिस्टर. रकाने पाच: घटना काय आणि कधीची, मुदत कशाची, शेवटचा दिवस, आमचा दिवस (त्याच्या सात दिवस आधीचा) आणि मोजली कुणी. शेवटच्या रकान्यात दोन सह्या लागतात. एकीने मोजायची, दुसरीने पहिलीचा आकडा झाकून पुन्हा मोजायची.

याचा खरा उपयोग कळला तो चेकच्या प्रकरणांत. ऑगस्टमध्ये एका पक्षकाराने रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, ‘ताई, हे जरा बघा.’ चेक परत आल्याचा मेमो. बँकेकडून कळल्याला २४ दिवस झालेले. चेक देणाऱ्याला नोटीस ३० दिवसांत जायलाच हवी. अजून केसच नाही, तर सीएनआर कुठला आणि तारीख कसली? जगातल्या कुठल्याही कोर्टाच्या अ‍ॅपला हा कागद ठाऊक नसतो. समोरच्याला नोटीस मिळाली की त्याचे १५ दिवस, पैसे आले नाहीत तर तिथून तक्रारीला एक महिना. इथे जुनियरने महिन्याचे सरसकट ३० दिवस धरले होते. ऑगस्टमध्ये त्याने काही बिघडत नाही, उलट एक दिवस आधीच होतं. पण फेब्रुवारीत हाच हिशेब दोन दिवस उशिरा नेतो. दुसऱ्या सहीत ते पकडलं गेलं. तेव्हापासून ‘महिना’ आणि ‘दिवस’ हे शब्द रजिस्टरमध्ये लाल शाईने.

हायकोर्टातल्या ऑफिस ऑब्जेक्शन्सचंही (दाखल कागदांत कोर्टाच्या ऑफिसने काढलेल्या त्रुटींचंही) तेच. चार आठवड्यांत काढा, नाहीतर अर्ज आपोआप फेटाळला जाईल, असा आदेश झाला की त्याला पुढची तारीख अशी नसतेच.

कधी वाटतं, आमची मोजायची सवय करोनाने मोडली. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. गरज होतीच, पण दोन वर्षं बोटांवर दिवस मोजावे लागले नाहीत.

तक्रारी आहेत. रजिस्टर ऑफिसातच राहतं. जुलैत पावसाने गाड्या बंद पडल्या, मी घरी अडकले आणि आज कशाचा शेवटचा दिवस आहे हे सांगायला ऑफिसात कुणीच नव्हतं. आता दर शुक्रवारी चालू पानांचे फोटो काढून तिघांच्या ग्रुपवर टाकतो. दुसरं, नोंद करायचा कंटाळा येतो. कागद आला त्याच दिवशी लिहायचा, हा नियम ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुटीआधीच्या गर्दीत, चक्क चार दिवस मोडला. काही बुडालं नाही, ते नशीब.

आणि काका. त्यांची लाल कापडी डायरी ते सोडायला तयार नाहीत, मीही सांगायचं थांबवलंय. सप्टेंबरमध्ये त्यांच्या डायरीत २३ तारीख होती, अ‍ॅपवर १३. रोजनामा (कोर्टाने केसमध्ये दर तारखेला केलेली नोंद) काढून बघितला, १३ बरोबर. नोव्हेंबरमध्ये उलटं झालं, माझ्या कॅलेंडरवर मीच महिना चुकवला होता आणि काकांनी सकाळी फोन करून विचारलं, ‘मॅडम, आज बांद्र्याला कोण जातंय?’ म्हणून तारखा जुळत नसतील तिथे रोजनाम्यात असेल ते खरं, एवढं ठरलंय.

मार्चमध्ये पानं संपतील. नवीन रजिस्टर घेताना काकांनी एक रकाना मागितलाय, कोर्टाच्या निकालाची नक्कल कधी मागितली आणि कधी मिळाली याचा. अपिलाच्या मुदतीतून ते दिवस वजा होतात आणि ते आम्ही आजवर अर्जाच्या पाठीवर लिहीत होतो.