एस-११ गटासाठीचा तयार काळा गॉगल : एका टॅपरचा (भिंत जवळ आली की पोहणाऱ्याला काठीने टॅप म्हणजे टेकवून खूण करणाऱ्या सहायकाचा) अभिप्राय

दृष्टिबाधित जलतरणपटूंचे एस-११ ते एस-१३ असे तीन गट असतात. त्यांपैकी एस-११ मध्ये कोणाला प्रकाशाची पुसट जाणीव असते, तर कोणाला तीही नसते, आणि हा फरक शर्यतीत उरू नये म्हणून सर्वांना पूर्ण अपारदर्शक गॉगल सक्तीचा असून शर्यत संपताच पंच तो तपासतात. आमच्या मुलीसाठी आजवर साध्या गॉगलला आतून काळा रंग देऊन भागवत होतो. यंदा साध्याच्या जवळपास दुप्पट किमतीचा तयार गॉगल ऑनलाइन मागवला.

काळेपणाबाबत तक्रार नाही. मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवून आतून पाहिले, तर कडेनेही तिरीप येत नाही. हाताने दिलेल्या रंगाचे क्लोरीनमुळे पापुद्रे सुटत आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री ब्रश घेऊन बसावे लागे, तो व्याप संपला. खरी अडचण नाकपट्टीची आहे. ती एकाच मापाची असल्याने अरुंद चेहऱ्यावर रबराची कड नीट बसत नाही आणि ठोकळ्यावरून सूर मारताच गॉगल कपाळाकडे सरकतो. सूर मारताना तो चुकून निसटला तर खेळाडू बाद होत नाही, एवढी सोय नियमात आहे. पण डोळ्यांत पाणी गेल्यावर लय बिघडायची ती बिघडतेच.

विक्रेत्याने याला ‘दृष्टिबाधित स्पर्धकांचा संपूर्ण संच’ म्हटले आहे, ते मात्र पटत नाही. भिंत जवळ आल्याचे कळते ते टोकाला मऊ फोम लावलेल्या काठीने, आणि ती संचात नाही. प्रत्येक टोकाला उभा असलेला टॅपर ती डोक्यावर किंवा पाठीवर टेकवतो. एस-११ मध्ये हे बंधनकारक, पुढच्या दोन गटांत ऐच्छिक आहे. नागपूरच्या दृष्टिबाधित जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ च्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडलेचे सुवर्णपदक जिंकले. या प्रकारात पोहण्याच्या चारही शैली येतात आणि शैली बदलली की टॅपची वेळही बदलते. बटरफ्लायमध्ये टॅप एका स्ट्रोकने उशिरा पडला, तर दोन्ही हातांची बोटे भिंतीवर आदळतात.

रुंद किंवा मध्यम चेहऱ्याच्या खेळाडूने हा गॉगल जरूर घ्यावा. लहान मुलांसाठी मात्र नाकपट्टी बदलता येणारा साधा गॉगल घेऊन रंगवणेच सध्या बरे.