बाणाचं पातं घडवायला काय घ्यावं: बाटलीचा तळ, दुकानातली काच की गारगोटी?

दगडाची हत्यारं घडवण्याची हौस लागली की पहिल्याच दिवशी माणूस अडतो, कारण घडवायचं कशातून हेच ठरत नाही. परदेशी व्हिडिओंत काळाभोर ऑब्सिडियन दिसतो, म्हणजे ज्वालामुखीची नैसर्गिक काच. तो आपल्या हाताशी नाही. हाताशी आहेत तीन गोष्टी: बाटलीचा तळ, काचेच्या दुकानात कापून उरलेला तुकडा आणि ओढ्यात सापडणारी गारगोटी. तिन्हींवर हात (आणि थोडं रक्त) खर्च केल्यावर माझं मत असं, की पहिली पंचवीस-तीस पाती बाटलीतूनच करावीत.

बाटली म्हणजे तपकिरी, ६५० मिलीची, बिअरची. वाईनच्या बाटलीचा तळ जाड असतो म्हणून मोह होतो, पण तो आत घुमटासारखा वर आलेला असतो. पातं घडतं ते कडेवर दाब देऊन पातळ टवके काढत. टवका सपाट किंवा जराशा फुगीर अंगावरून लांब सरकतो, खोलगट जागा आली की अर्ध्यातच तुटतो. बिअरच्या तळाचा घुमट उथळ असतो, म्हणून तो निभतो. पांढऱ्या काचेत कुठून टवका गेला ते डोळ्यांना कळतच नाही, तपकिरी काचेत कळतं. घरात जुनी गोटी सोड्याची बाटली असेल तर तिला मात्र हात लावू नका. तसली जाड काच पुन्हा मिळेल, तशी बाटली मिळणार नाही.

दुकानातली ८ किंवा १० मिलिमीटरची काच फुकटात मिळते आणि छान सपाट असते. अडचण कडेची आहे. कापलेली कड काटकोनात असते आणि काटकोनावर दाब दिला तर टवका निघत नाही, कड नुसती चुरते. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने छोटे टवके काढून ती कड मोडावी लागते आणि नवशिक्याचा सगळा उत्साह तिथेच संपतो. शिवाय दुकानदाराला विचारून घ्या की काच टफन्ड (तापवून कडक केलेली) तर नाही. ती घडत नाही, तिचे एकदम शेकडो खडे होतात.

गारगोटी, म्हणजे कॅल्सिडनी आणि तिची भावंडं, हा महाराष्ट्राचा खरा माल. आपल्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत ती तयार होते आणि खडक झिजला की नदीच्या वाळूत येते. इनामगाव, नेवासा, जोर्वे इथल्या ताम्रपाषाणयुगीन माणसांनी तिचीच पाती काढली. पण ती लांबट, अरुंद पाती होती. दोन्ही अंगांनी टवके काढलेलं त्रिकोणी बाणाचं टोक ही त्यांची खासियत नव्हे, तेव्हा 'आपल्या पूर्वजांसारखं' म्हणून गारगोटीचा बाण करायला निघाला असाल तर थोडं थांबा. कठीणपणातही फरक आहे. मोह्सच्या दहाच्या मापावर काच साधारण साडेपाच, गारगोटी सातच्या आसपास. काचेला मनगट पुरतं, गारगोटीला खांदा लागतो. गुजरातेतल्या खंबातचे अकीक (याच जातीचा दगड) कारागीर तो आधी भाजून घेतात, ते उगाच नाही: भाजला की तो सोपा घडतो.

आणखी एक फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. गारगोटीची धूळ म्हणजे स्फटिकी सिलिका. खंबातच्या अकीक कामगारांत सिलिकोसिस (ही धूळ श्वासातून जाऊन होणारा फुफ्फुसांचा विकार) हा जुना, ठाऊक असलेला आजार आहे. बाटलीच्या काचेची रचना स्फटिकी नाही, म्हणून तो धोका तिथे नाही. तरी काचेची धूळही नाकात नकोच. कड घासायची तर ओली करून घासा आणि काम उघड्यावर करा.

हत्याराचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. अमेरिकेत हरणाचं शिंग वापरतात. आपल्याकडे चितळ-सांबराचं शिंग, गळून पडलेलं असलं तरी, जवळ बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. लोखंडी खिळा काचेवर घसरतो. उरलं तांबं: इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची ८ नंबरची तार मिळते, साधारण ४ मिलिमीटर जाड. तिचा तुकडा कानशीच्या मुठीत बसवा, टोक घासून बोथट निमुळतं करा. तांबं मऊ असल्यामुळे काच त्यात किंचित रुतते, घसरत नाही. टोक दर पाच मिनिटांनी पुन्हा घासावं लागतं, एवढाच त्रास.

तळहातावर जुन्या चपलेचं जाड चामडं, त्यावर काच. कड आधी खरबरीत दगडावर घासून बोथट करा. धारदार कड दाबाखाली चुरते, हे मला दहा तळ वाया गेल्यावर कळलं. तारेचं टोक कडेवर टेकवून आधी आत रेटायचं आणि काच ताणाखाली आल्यासारखी वाटली की खाली झटका. बारीक 'टिक्' होतं आणि खालच्या अंगाने, चामड्याकडून, नखाएवढा टवका सुटतो. पातं काठीला बांधायच्या खाचा सगळ्यात शेवटी.

बाटलीचं पातं म्हणजे खोटं, असं कुणी म्हणेल. कॅलिफोर्नियात १९११ साली जगासमोर आलेला 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा इशी १९१६ मध्ये वारला तोवर बाटलीच्या काचेची देखणी टोकं करत होता. अंदमानातल्या बेटवासीयांनीही बाटलीच्या काचेचे टवके वापरले.

चष्मा, हातमोजा, ताडपत्री हे तिन्ही हवेतच. मी एकदा गॅलरीत नुसत्या वर्तमानपत्रावर बसलो होतो. झाडून पुसून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी टाचेत टवका.

बाटलीतून गारगोटीकडे गेलात तर उरलेले टवके शेतात किंवा नदीकाठी फेकू नका. काच कुणीही ओळखेल, गारगोटीचा ताजा टवका शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाला चकवेल. मी माझे पुरतो आणि त्यात चालू सालाचं एक रुपयाचं नाणं टाकतो.