सर्वेक्षण की केस स्टडी? ऑपरेशन्समधल्या संशोधकांसाठी

भिवंडीच्या गोदामांतून चुकीचा माल का रवाना होतो, हा प्रश्न मुंबईतला पीएचडीचा विद्यार्थी सर्वेक्षण आणि केस स्टडी (मोजक्या ठिकाणांचा सखोल अभ्यास) या दोन्ही पद्धतींनी हाताळू शकतो.

सर्वेक्षणात १ ते ७ गुणांची प्रश्नावली करणं आणि क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) ०.७ च्या वर आणणं जमून जातं. घात होतो तो एकाच मॅनेजरकडून सगळं भरून घेतल्यावर. ‘आमची तपासणी चोख’ आणि ‘आमच्या चुका कमी’ ही दोन्ही उत्तरं त्याचीच असली की त्यांच्यातला संबंध फुगतो. नंतर हार्मनची चाचणी (एकाच स्रोतामुळे संबंध फुगलाय का, हे पाहणारी) जोडून परीक्षकांचं समाधान होत नाही. म्हणून तपासणीबद्दल मॅनेजरला विचारा, चुकांचे आकडे मात्र डिस्पॅच रजिस्टरमधून घ्या.

केस स्टडीला ४ ते १० गोदामं साधारण पुरतात, पण चुका जास्त असलेली आणि कमी असलेली, दोन्ही हवीत. ओळखीतली, नीट चालणारीच निवडली तर तुलनेला काही उरत नाही. मुलाखतीसोबत रात्रपाळीत लोडिंगपाशी उभं राहून नोंदी घ्या. कागदावरची पद्धत आणि प्रत्यक्षातली पद्धत तिथेच वेगळी दिसते. कारण माहीत नसेल तर आधी हीच पद्धत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून पद्धत ठरवू नका. २०२४ चा आकडा म्हणजे २०२२-२३ च्या लेखांना २०२४ मध्ये मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या. मोजके गाजलेले आढावा-लेखही ही सरासरी वर ओढतात. पाच वर्षांचा आकडा सोबत पाहा आणि त्या जर्नलचे अलीकडचे अंक चाळून तुमच्या पद्धतीचे लेख तिथे येतात का, ते तपासा.