फराळासाठी घेतलेला ५ किलोचा वजनकाटा: एका दिवाळीनंतर

सांगलीत घरूनच मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. सोबतीला सासूबाई. इतकी वर्षं शंकरपाळ्यांच्या पावशेराच्या पिशव्या आम्ही नजरेच्या अंदाजाने भरायचो, अधूनमधून एखादी तराजूत घालून बघायचो. सासूबाईंच्या अंदाजावर माझा पूर्ण भरवसा होता.

गेल्या दिवाळीआधी हा काटा आणला. त्या दिवशी भरून ठेवलेल्या ४० पिशव्या ओळीने तोलल्या. सकाळी परात शिगोशीग असताना भरलेल्या २७०-२८० ग्रॅम निघाल्या. संध्याकाळी परातीच्या तळाशी मूठभर शंकरपाळे उरले होते, तेव्हाच्या पिशव्या २३५. हात तेच, पिशव्या त्याच. आधीच्या वर्षांत अशा कमी भरलेल्या पिशव्या कुणाकुणाकडे गेल्या असतील, हे मला अजून बोचतं.

भाची मानसशास्त्र शिकते. तिला विचारलं तर म्हणाली, "मामी, डोळ्यांना नुकतं जे दिसलेलं असतं, त्यावर पुढचा अंदाज ठरतो." डेव्हिड बर आणि जॉन रॉस या संशोधकांनी २००८ साली लोकांना अर्धा मिनिट ठिपक्यांची दाट गर्दी बघायला लावली. मग दाखवलेले ठिपके त्यांना होते त्याहून खूप कमी वाटले. आधी विरळ ठिपके दाखवले, तर उलट जास्त. उन्हातून माजघरात आलं की काळोख वाटतो, तसंच. भरलेल्या परातीसमोर पिशवी रिकामी वाटायची आणि आम्ही आणखी मूठभर घालायचो. रिकाम्या परातीसमोर तीच भरलेली दिसायची. संध्याकाळी हात दमतो, तेही असेल, पण सकाळच्या जास्तीच्या मुठीचं कारण मला हेच पटतं.

बेसनाच्या लाडवांचं असं होत नाही, एका डब्यात चारच असतात. १८७१ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञांनी पेटीत काळ्या बिया टाकून नुसत्या नजरेने किती ते ओळखून पाहिलं होतं. तीन-चारपर्यंत एकदाही चूक नाही, पाचापासून सुरू.

आता काट्याबद्दल. १ ग्रॅमचा फरक दाखवतो, आकडे पुढूनही दिसतात आणि मागूनही, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतः वाचतं. स्टीलचं ताट काढून धुता येतं. रिकामं भांडं ठेवून शून्य करायचं बटण मात्र फार घट्ट आहे, तुपाच्या बोटांनी दोनदा दाबावं लागतं. पंखा चालू असला की शेवटचा आकडा हलत राहतो. चार्ज केल्यावर दिवसभराचं काम निघतं. विक्रीसाठी घेणार असाल तर वैधमापन खात्याचा शिक्का बघूनच घ्या आणि दरवर्षी फेरतपासणी करून घ्या. मला २८०० रुपये पडले.

सासूबाई अजूनही आधी नजरेने भरतात, मग काट्यावर ठेवतात. पण परात आता त्यांच्या पाठीमागे असते आणि समोर तोलून ठेवलेली पावशेराची एक पिशवी. परवा सलग सहा पिशव्या २५० ला पाच ग्रॅम इकडे-तिकडे निघाल्या.