आडिवऱ्याहून आणलेली आरडी ३५०, मीटरवर फक्त १४ हजार किलोमीटर

गेल्या दिवाळीनंतर मी राजदूत यामाहा ३५० मोटारसायकल घेतली, एलटी (लो टॉर्क) मॉडेल, १९८६ची, मीटरवर १४ हजार ३०० किलोमीटर. सहा महिने चालवून मग लिहायचं असं ठरवलं होतं कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसती तारीफच झाली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जपानमध्ये यामाहाची आरडी ३५० आली १९७३ला, ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर आणि ३९ बीएचपी. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने १९८३पासून तीच गाडी राजदूत नावाने काढली पण ताकद कमी करून, एचटीला (हाय टॉर्क) ३०.५ आणि नंतर आलेल्या एलटीला २७. पुढची डिस्क काढून ड्रम दिला. तरीपण त्या काळात आपल्या रस्त्यावर हिच्यासमोर उभं राहील असं दुसरं काहीच नव्हतं, आणि मायलेजमुळे लोकांनी घेतली नाही म्हणून ती बंद पडली. म्हणून आज चांगली गाडी सापडणं इतकं अवघड.

आधी पुण्यात एका डीलरकडे एक बघितली होती. ९ हजार किलोमीटर, शोरूम कंडिशन, क्रोम असा की तोंड दिसेल. पण किकच्या दांड्याचे दाते झिजलेले, फूटरेस्टचं रबर एकदम नवं आणि मीटरच्या केबलचा नट पान्याने खरवडलेला. ९ हजारात किकचे दाते जात नाहीत हो. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनवर बघितलं तर ओव्हरसाइजचा आकडा कोरलेला, म्हणजे बोअर (सिलेंडर घासून मोठा करणं) एकदा तरी झालेला. मी चहा पिऊन निघालो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडिवऱ्याची गाडी एका नातेवाईकाकडून कळली. तिचे मालक काका मुंबईला नोकरीला होते, रिटायर होऊन गावी आले आणि गाडीही रत्नागिरी पासिंग करून घेतली, जुना तीन अक्षरी नंबर तसाच आहे. पडवीत लाकडी फळ्यांवर उभी, दोन्ही चाकं जमिनीपासून वर, आणि अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी. प्लॅस्टिक का नाही विचारलं तर म्हणाले, "प्लॅस्टिकखाली घाम येतो रे तिला, चार महिने पाऊस, खालनं ओल, गंजून जाईल." स्पोक्सना जळकं ऑइल फासलेलं, सायलेन्सरच्या तोंडात कापडाचे बोळे कोंबलेले (उंदीर आणि कुंभारमाशी दोन्हींसाठी). समुद्र तिथून लांब नाही, खारं वारं असतंच, तरी मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर फक्त धूळ लागली.

मला सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. घरात भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा होता, त्यात प्रत्येक एकादशीला पेन्सिलने छोटी रेघ. त्या दिवशी काका गाडी चालू करायचे आणि देवळापर्यंत एक फेरी मारून यायचे. म्हणजे महिन्यातून दोनदा इंजिन गरम, सीलला तेल, कार्बमध्ये (कार्ब्युरेटर) ताजं पेट्रोल. रेघा तीन वर्षांपूर्वी थांबल्या कारण काकांचा गुडघा गेला आणि हिला सेल्फ नाही, किकच. "तू किलोमीटर विचारतोस," म्हणाले, "मी तुला सांगतो किती दिवस बंद आहे ते, तोच खरा प्रश्न आहे."

आणि तो खरंच खरा प्रश्न आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, पेट्रोलबरोबर येणारं ऑइलच मिळतं, वेगळं काही नाही. गाडी उभी राहिली की क्रँकच्या दोन टोकांचे रबरी सील सुकून कडक होतात. उजवीकडचा, म्हणजे क्लचच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर थांबतच नाही, ते निदान दिसतं तरी. डावीकडचा गेला तर बाहेरची हवा आत जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस चढावर पिस्टन पकडतो, मागचं चाक लॉक. धूरबीर काही दिसत नाही आधी. त्यामुळे कमी चाललेली पण बंद असलेली गाडी घेतली की सील बदलायचे, हा खर्च किमतीत धरूनच बोलणी करायची. मी तसंच केलं, तीन लाख म्हणाले होते, दोन ऐंशीला दिली. महाग वाटेल पण पेंट मूळचा, बोअर स्टँडर्ड आणि ऑटोल्यूबचा (इंजिनाला आपोआप ऑइल देणारा) पंप जागेवर, बऱ्याच गाड्यांचा पंप काढून टाकलेला असतो आणि लोक टाकीतच ऑइल मिसळतात.

तिथे मी किक मारली नाही. तीन वर्ष उभ्या गाडीला आल्या आल्या किक मारणारे लोक बघितलेत मी आणि जीव तुटतो. दोन्ही प्लग काढले, आत थोडं थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडलं, तासभर थांबून टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं. मऊ फिरलं. टेम्पोत घालून घरी आणली.

टाकीच्या आत गंज होताच, पेट्रोल वाळून चिकट झालेलं. व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवली, चेनचा तुकडा टाकून हलवली, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग कडक उन्हात सुकवून आत टू-टी ऑइल फिरवलं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणात हवेत पाण्याला कमी नाही, त्यात जुन्या रबरी नळ्याही ते पेट्रोल खातं. म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या आणि आता दहा दिवस चालवणार नसेन तर कार्ब रिकामे करून ठेवतो. क्रँक आंबा घाटातून कोल्हापूरला नेला, तिथल्या लेथवाल्याने बेअरिंग आणि सील नवीन टाकून दिले. बेअरिंगला गंजाचे ठिपके होते, म्हणजे न उघडता चालवली असती तर थोड्याच दिवसांत आवाज आला असता.

कागदांचं सांगतो कारण यात लोक फसतात. आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू केलेली, पर्यावरण कर भरलेला, म्हणून मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम झालं. मूळ मालक हयात नसेल तर फॉर्म ३१ आणि वारसाचे कागद लागतात, ते नाहीत तर गाडी कितीही चांगली असली तरी सोडून द्या. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. आणि कोणी व्हिंटेज म्हणून विकत असेल तर २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला ५० वर्ष पूर्ण लागतात, आपली एकही राजदूत ३५० अजून तिथे पोचलेली नाही.

चालवायला कशी आहे? खालच्या आरपीएमला साधी, जवळजवळ झोपाळू गाडी. भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या चढाला लागलं आणि काटा चार हजाराच्या वर गेला की दोन्ही सायलेन्सरचा आवाज बदलतो आणि गाडी हातातून पुढे निघते, ते सांगून कळत नाही, पोटात कळतं. एलटी असून हे, एचटीचं काय असेल. गावखडीच्या सुरूच्या बनाजवळ पहिल्यांदा पाचवा सोडून सहावा टाकला तेव्हा हेल्मेटच्या आत एकटाच ओरडलो.

तक्रार एकच पण मोठी, ब्रेक. पुढचा ड्रम कोरड्यात ठीक, पण ओला झाला की दोन क्षण काही पकडतच नाही आणि नंतर एकदम पकडतो. इथल्या वळणांवर पावसात मी ही गाडी काढत नाही, शू नवीन टाकूनसुद्धा. मायलेज लिटरला २५च्या आसपास. पार्ट मिळतात पण रबरी भाग नकली फार येतात, सील घेताना पैसे वाचवू नका.

पहिली लांब फेरी आडिवऱ्यालाच केली, एकादशी बघून. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मी वळणावर असतानाच उभे राहिले. म्हणाले डावा सायलेन्सर जास्त वाजतोय, पॉइंट बघ. बघितलं, ठिणगी देणाऱ्या पॉइंटचा गॅप खरंच जास्त होता. कॅलेंडरं मागितली मी त्यांच्याकडे, गाडीबरोबर असू देत म्हणून. ती मात्र दिली नाहीत. आत गेले, या वर्षीचं कॅलेंडर काढलं आणि त्या दिवशीच्या चौकोनात पेन्सिलने रेघ मारली.